उन्हाची गाणी शोधताना पहर धरून शोधा

नमस्कार बाई,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. खानापूर तालुक्यातल्या तुमच्या मराठी शाळेचं स्नेहसंमेलन जानेवारीत आहे. पाचवी ते सातवीच्या मुलांकडून 'ऊन' या विषयावर अर्ध्या-पाऊण तासाचा गाण्यांचा कार्यक्रम बसवायचा आहे आणि मधूनमधून थोडं विज्ञानही सांगायचं आहे. मुलांनी मोबाइलवर ऐकलेली 'सनशाइन'ची इंग्रजी गाणी सुचवली. तुम्ही मराठीत शोधायला बसलात, तर पावसाची गाणी ढिगानं मिळाली आणि उन्हाचं मनासारखं एकही सापडेना. आपल्याकडे एवढं ऊन असताना त्याची गाणी का नाहीत आणि विषयच बदलावा का, असं तुम्ही विचारलंय.

विषय बदलू नका, तो फार चांगला आहे. मी बेळगावात हायस्कूलला विज्ञान शिकवलं आणि संध्याकाळी मुलांचा गाण्याचा वर्ग घेत आलो, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या रोजच्या कामातल्या आहेत. माझं मत असं, की आपल्याकडे उन्हाची गाणी भरपूर आहेत, फक्त ती सबंध उन्हाची नाहीत. आपलं गाणं एखाद्या पहराचं किंवा एखाद्या महिन्याचं ऊन धरतं: तांबडं फुटतानाचं, दारात आलेलं कोवळं, श्रावणातलं लपंडाव खेळणारं, डोंगराआड उतरणारं. तुम्ही 'ऊन' एवढाच शब्द घेऊन शोधता म्हणून हात रिकामे राहतात. दिवसाचा पहर धरून शोधलंत तर कार्यक्रम आपोआप उभा राहील, आणि विज्ञान कुठं घालायचं हेही त्यातच सुटेल.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. कार्यक्रम सकाळी मैदानात आहे की रात्री दिव्यांखाली, यानं बरंच बदलतं. सकाळी असेल तर ऊन स्वतःच तुमच्या रंगमंचावर हजर असेल आणि प्रयोग तिथल्या तिथे दाखवता येतील. रात्री असेल तर ते प्रयोग आधीच्या आठवड्यात परिपाठाच्या वेळी करून घ्यावे लागतील आणि मुलांनी रंगमंचावर फक्त काय पाहिलं ते सांगायचं. मुलांच्या घरची भाषा काय हाही मुद्दा आहे. तुमच्या भागात एकाच बाकावर मराठी, कानडी आणि कोकणी बोलणारी पोरं बसतात. ती अडचण समजू नका, पुढे सांगतो तसा तिचा उपयोग करता येतो.

इंग्रजीत उन्हाचं इतकं कौतुक का, याचं उत्तर सूर्याच्या उंचीत आहे. मुलांना कोन समजतात, तेव्हा हे आकडे त्यांना सरळ सांगा. लंडन ५१.५ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो आणि सबंध दिवस आठ तासांचाही भरत नाही. जूनमध्ये सगळ्यात वर चढला तरी ६२ अंश, त्याच्यापुढे कधीच नाही. बेळगाव साधारण १५.८५ अंशांवर. आपल्याकडे सगळ्यात लहान दिवशीसुद्धा दुपारी सूर्य ५० अंशांच्या वर असतो, म्हणजे लंडनकरांना जेवढा उंच सूर्य बघायला एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडावा लागतो, तेवढा आपल्याला ऐन डिसेंबरात मिळतो. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, जवळजवळ सात महिने, आपल्या दुपारचा सूर्य ७० अंशांच्या वर असतो. जे सहा-सात महिने नीट दिसत नाही त्याच्या येण्याचं गाणं होतं. बीटल्स या इंग्रजी बँडमधले जॉर्ज हॅरिसन यांचं 'हिअर कम्स द सन' हे १९६९ चं गाणं त्याचा सरळ नमुना आहे. लांबलेला इंग्रजी हिवाळा संपत असताना, एका मित्राच्या बागेत बसून त्यांनी ते लिहिलं. ते गाणं ज्या सुटकेबद्दल आहे ती सुटका आपल्याला मार्चमध्ये कधी लागत नाही. आपल्याला ती लागते जूनमध्ये, आणि तेव्हा आपण पावसाचं गाणं म्हणतो.

हाच न्याय आपल्या जिल्ह्याच्या आतही लागू पडतो, आणि मला वाटतं तुमच्या मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडेल. अथणी-रायबागकडे पाऊस कमी. तिकडे पाऊस लांबला की पोरं 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत दारोदार फिरतात, कानडी वस्तीत डोक्यावर गुरजी, म्हणजे पावसासाठी केलेली मूर्ती, घेऊन घरोघर जातात, बायका वरून पाणी ओततात. म्हणजे पाऊस मागायची गाणी सीमेच्या दोन्ही भाषांत आहेत. त्याच जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीकडे, मलप्रभा जिथे उगम पावते तिथे, आषाढात झड बसली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. कपडे चुलीच्या वर दोरी बांधून वाळवावे लागतात, शाळेची दप्तरं कुबट होतात, आणि घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "दोन दिवस जरा उघडीप पडू दे." तुमची मुलं याच पट्ट्यातली. त्यांना आजीला विचारून यायला सांगा: झड संपून पहिलं ऊन पडलं की घरात काय काय बाहेर काढलं जायचं? घोंगडी, बी-बियाणं, पापडाचे डबे, हळद, काय ते. प्रत्येक मुलानं एकेक ओळ आणली तरी कार्यक्रमाचं निवेदन तयार होईल. दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेल्या निवेदनापेक्षा ते शंभर पटीनं चांगलं असेल.

आणखी एक कारण आहे आणि ते पावसाइतकंच महत्त्वाचं आहे. आपल्याकडे दुपारचं ऊन हा कामाचा सोबती आहे. निपाणीकडचा विडीचा तंबाखू उन्हातच वाळतो, खळ्यावरचं भात उन्हात वाळतं, चैत्र-वैशाखातलं वाळवण उन्हावरच अवलंबून. जिथे ऊन डोक्यावर घेऊन राबायचं असतं तिथे गाणं सावलीकडे वळतं. जात्यावरच्या ओव्यांत माहेर सावलीसारखं येतं आणि सासरची वाट उन्हाची. पण त्याच ओव्यांत, दळण संपत आलं आणि दारात उजेड आला, की सूर्यनारायणाला हात जोडलेले असतात. दुपारचं ऊन सोसायचं आणि सकाळच्या उन्हाला नमस्कार करायचा, ही आपल्या गाण्यांची रीत आहे. कार्यक्रमात ही दोन्ही उन्हं यायला हवीत. फक्त गोडगोड ऊन दाखवलंत तर शेतकऱ्यांच्या मुलांना ते खोटं वाटेल.

आता कार्यक्रमाकडे येऊ. सुरुवात भूपाळीनं करा. होनाजी बाळा यांची 'घनश्याम सुंदरा' घ्या, १९५१ च्या 'अमर भूपाळी' चित्रपटामुळे ती घराघरांत पोचली आणि आजही पालक गुणगुणतात. तिची चाल मुलांच्या गळ्यात सहज बसते, फक्त पट्टी मुलांना सोसेल अशी ठेवा, मोठ्यांच्या ध्वनिमुद्रणाची ठेवू नका. भूपाळीत अजून ऊन पडलेलं नसतं, नुसता अरुणोदय असतो. इथेच पहिला विज्ञानाचा मुद्दा सांगा: सूर्य क्षितिजाखाली असतानाच उजेड कसा येतो? वरच्या हवेला सूर्य आधी 'दिसतो' आणि ती हवा त्याचा प्रकाश इकडेतिकडे विखुरते. प्रकाशाच्या निळ्या लाटा तांबड्यापेक्षा जवळपास सहापट जास्त विखुरतात. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना त्याचे किरण डोक्यावरच्या मानानं सुमारे ३८ पट हवेतून येतात, वाटेत निळा भाग बाजूला पडतो आणि आपल्यापर्यंत तांबूस-पिवळा पोचतो. एवढं पुरे. याहून जास्त रंगमंचावर बोलू नका, ऐकणाऱ्यांचं लक्ष गाण्यावरून उडतं.

निवेदनासाठी एक युक्ती देतो, ती मी मुलांकडून नेहमी करून घेतो. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे आणि त्याच्या प्रकाशाला इथे यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. दोन गाणी म्हणायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. पहिल्या गाण्याला सुरुवात करताना एका मुलानं म्हणायचं, "आत्ता सूर्यावरून एक किरण निघाला." दुसरं गाणं संपलं की दुसऱ्या मुलीनं म्हणायचं, "आता तो किरण आपल्या मैदानावर पोचला." सांगून आकडा लक्षात राहत नाही, असा वाट बघून राहतो. पालकसुद्धा घरी जाऊन हेच सांगतात.

भूपाळीनंतर कोवळं ऊन. याच्यासाठी बालगीतं तुम्हाला शाळेच्या पुस्तकांतच मिळतील, त्यावर मी वेळ घालवत नाही. मात्र इथे एक कानडी गाणं जरूर घ्या. धारवाडचे द. रा. बेंद्रे (१८९६–१९८१) यांची 'बेळगु' ही पहाटेवरची कविता कानडी शाळांतल्या मुलांना तोंडपाठ असते. पूर्वेच्या घरातून कुणी मोत्याचं पाणी ओतल्यासारखा उजेड येतो, पानांवर आणि फुलांच्या आत अमृताचे थेंब दिसतात, अशी ती कविता आहे. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी आणि ज्ञानपीठ मिळालं ते कानडी कवितेसाठी, आपल्या भागाला याहून जवळचा कवी कोण सापडणार? तुमच्या वर्गातल्या कानडी बोलणाऱ्या मुलांना ती म्हणू द्या आणि मराठी मुलांनी मागून धरायची. दवाचं विज्ञान इथे अलगद बसतं. थंडीतल्या निरभ्र रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता वर सोडून देतात, भोवतालच्या हवेपेक्षा जास्त गार होतात, आणि हवेतली वाफ त्यांच्यावर थेंब होऊन बसते. ऊन आलं की ती परत उडते. जानेवारीत सकाळी आठला शाळेच्या आवारात हे समोर घडत असतं.

आता काठीचा प्रयोग. मैदानात एक मीटरची काठी उभी रोवा आणि तासातासाला सावलीच्या टोकावर खडा ठेवायला सांगा. जानेवारीच्या मध्यावर तुमच्याकडे सकाळी आठ वाजता सूर्य जेमतेम १२ अंशांवर असतो आणि सावली काठीच्या जवळजवळ पाचपट लांब पडते. अकराच्या सुमारास सावली काठीएवढी होते, म्हणजे सूर्य ४५ अंशांवर आला. सगळ्यात आखूड सावली बाराला पडत नाही, ती पडते पावणेएकच्या सुमारास, मुख्यतः कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरच्या सूर्याप्रमाणे लावलेलं आहे आणि आपण राहतो त्याच्या पश्चिमेला, साधारण ७४.५ अंशांवर. मुलं हे स्वतः मोजतात तेव्हा त्यांना धक्काच बसतो, सगळ्यांनी 'दुपारचे बारा म्हणजे सूर्य डोक्यावर' हेच ऐकलेलं असतं. आणि कोवळं ऊन कोवळं का, हेही याच काठीनं समजतं. तिरपं ऊन जास्त जागेवर पसरतं. १२ अंशांवर असताना एक मीटर रुंदीचा झोत जमिनीवर पावणेपाच मीटर पसरतो, शिवाय जास्त हवेतून आल्यानं मुळातच मवाळ झालेला असतो. तेवढंच ऊन, पण जास्त जागेत वाटलेलं.

एक बारकावा इथे सांगून ठेवतो, कारण मुलं हमखास विचारतात. सूर्य सगळ्यात वर पावणेएकला, तर मग सगळ्यात जास्त उकडतं अडीच-तीनला का? ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते जमीन तापवतं आणि जमीन हवेला. त्यात वेळ जातो. म्हणूनच थंडीत आपल्याकडे सावलीत गारठा आणि दोन पावलांवर उन्हात ऊब, हा अनुभव येतो. हवा गारच असते, पण अंगाला किरण थेट लागतात.

दुपारसाठी सुगीचं गाणं, मळणीचं गाणं, जे तुमच्या गावात म्हटलं जातं ते घ्या. छापील शोधू नका. गावात अजून एखादी आजी असेल जिला चार ओव्या येतात, तिला रंगमंचावर बोलवा आणि मुलांना तिच्यामागे म्हणू द्या. दुपारच्या भागात सांगण्यासारखी एक गोष्ट म्हणजे शून्य सावली. आपला भाग कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो: एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात, एकदा ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत. खानापूर आणि अथणी यांच्यात त्याचे तीन-चार दिवस पुढेमागे होतात. मेमधला दिवस सुट्टीत जातो आणि ऑगस्टमधला बहुतेक ढगांत, म्हणून शाळेत तो फारसा कुणी पाहिलेला नसतो. मुलांना मेमध्ये घरी बघायला सांगा. दुपारी साडेबाराच्या आसपास उभा ठेवलेला तांब्या सावली टाकायचं थांबवतो.

यानंतर श्रावण, आणि मला विचाराल तर हा कार्यक्रमाचा गाभा. बालकवींची (त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १८९०–१९१८) 'श्रावणमासी' घेतल्याशिवाय उन्हाचा कार्यक्रम पुरा होत नाही. बालकवी खानदेशातले, पण ती कविता वाचताना मला नेहमी खानापूरचा रस्ता दिसतो. तुम्ही ती पाठ करून घ्या, पण त्याआधी मुलांबरोबर एकदा निरीक्षणाची वही म्हणून वाचा. कवीनं दोन गोष्टी इतक्या अचूक पाहिल्यात की विज्ञानाच्या तासाला वापराव्यात. पहिली म्हणजे इंद्रधनुष्याचा दुहेरी गोफ. थेंबाच्या आत प्रकाश एकदा परावर्तित झाला की सुमारे ४२ अंशांवर मुख्य धनुष्य दिसतं, दोनदा परावर्तित झाला की सुमारे ५१ अंशांवर दुसरं, फिकट आणि रंग उलटे झालेलं. दुहेरी गोफ म्हणजे हेच. आता मुलांना विचारा, की दुपारी बारा वाजता श्रावणात इंद्रधनुष्य का दिसत नाही? सूर्य ४२ अंशांच्या वर असला तर धनुष्य क्षितिजाखाली जातं. ऑगस्टच्या सुरुवातीला आपल्याकडे ते सकाळी साधारण सव्वानऊच्या आधी पश्चिमेला, किंवा दुपारी चारनंतर पूर्वेलाच दिसू शकतं. पाठ सूर्याकडे, तोंड पावसाकडे.

दुसरी गोष्ट मला त्याहून सुंदर वाटते. कवीला वाटतं सूर्यास्त झाला, आणि मग एकदम झाडांच्या शेंड्यांवर आणि उंच घरांवर पिवळं पिवळं ऊन पडतं. शेंड्यांवरच का? सूर्य ढगांच्या थराखाली उतरून क्षितिजाशी उरलेल्या फटीत आलेला असतो. तो इतका खाली असतो की जमिनीवर डोंगर, झाडं, घरं यांची सावली पसरलेली असते आणि किरण फक्त उंचावर पोचतात. आणि तो इतक्या हवेतून आलेला असतो की निळा भाग गळून पिवळा उरलेला असतो. तीनही कारणं मिळून ते एक ऊन तयार होतं. मुलांना ही ओळ म्हणायला लावताना हे चित्र माहीत असेल, तर 'पिवळे पिवळे' या दोन शब्दांवर त्यांचा आवाज आपोआप उघडतो. मी हे वारंवार अनुभवलंय, हातवारे शिकवावे लागत नाहीत.

ऊन-पाऊस एकत्र आला की मराठीत कोल्ह्याचं लग्न लागतं आणि कानडीत कावळ्या-कोल्ह्याचं. तुमच्या वर्गात दोन्ही माहीत असलेली मुलं निघतील. श्रावणाच्या कवितेआधी दोन मुलांनी हे संवादातून सांगितलं तर प्रेक्षकांतले दोन्हीकडचे पालक हसतील आणि कार्यक्रम सगळ्यांचा होईल.

कवडशाला वेळ काढता आला तर जरूर काढा. कौलारू वर्गात छपराच्या बारीक भोकातून पडणारा गोल कवडसा म्हणजे साक्षात सूर्याची प्रतिमा असते. भोक तिकोनी असलं तरी ठिपका गोलच पडतो. कागद किरणाला काटकोनात धरा. भोकापासून कागद तीन मीटरवर असेल आणि भोक अगदी बारीक असेल, तर ठिपका सुमारे पावणेतीन ते तीन सेंटिमीटरचा भरतो. ठिपक्याचा व्यास भागिले अंतर, गुणिले १५ कोटी किलोमीटर, असं गणित मांडलं की सूर्याचा व्यास साधारण १४ लाख किलोमीटर येतो. सातवीच्या मुलांना हे जमतं, आणि सूर्य स्वतः पट्टीनं मोजल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात, जे दक्षिण कर्नाटकात कंकणाकृती आणि आपल्याकडे खंडग्रास होतं, आकाश मोकळं होतं तिथे झाडांखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे झाले होते. गावातल्या कुणी त्याचा फोटो काढलेला असेल तर मिळवा. मात्र मुलांना भोकातून वर सूर्याकडे बघू देऊ नका, बघायचं ते कागदावरच.

संध्याकाळसाठी रागांचा आधार घेता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. घेता येतो, जर पेटी वाजवणारं कुणी असेल तर. भैरव पहाटे, सारंग दुपारी, मारवा-पूर्वी मावळतीला, ही वाटणी आपल्याकडे रूढ आहे आणि पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी ती शास्त्रात नीट मांडली. पहाटेच्या भैरवात आणि मावळतीच्या मारव्यात दोन्हीकडे कोमल रिषभ, म्हणजे किंचित उतरलेला 'रे', असतो, म्हणून त्यांना संधिप्रकाश राग म्हणतात. पेटीवर नुसता कोमल रिषभ आणि सा धरून दाखवला तरी मुलं कान टवकारतात. पण हे प्रकाशाच्या नियमातून निघालेलं आहे असं सांगू नका. ती गायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली रीत आहे आणि तेवढ्यानंच ती मोलाची आहे. दिवसाऐवजी वर्षभराचे ऋतू धरून कार्यक्रम करायचा असेल, तरी आपल्याच मातीतला आदर्श आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या पं. कुमार गंधर्वांनी 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' असे ऋतूंचे कार्यक्रम बांधले होते. मुलांना हे नाव सांगा, सुळेभावी आपल्याच जिल्ह्यात आहे हे त्यांना कळू दे.

शेवटी मुलांनी सुचवलेली इंग्रजी गाणी. ती सरसकट नाकारू नका, मुलांनी आपणहून काही आणलंय. हॅरिसन यांचं गाणं कोवळ्या उन्हाच्या भागात बसेल, त्याआधी लंडनच्या १५ अंशांची गोष्ट सांगा म्हणजे ते गाणं का झालं हे कळेल. 'यू आर माय सनशाइन' घेताना मात्र काळजी घ्या. जिमी डेव्हिस यांनी १९४० मध्ये गाजवलेलं हे अमेरिकन गाणं, डेव्हिस पुढे लुइझियानाचे गव्हर्नर झाले आणि १९७७ मध्ये ते त्या राज्याचं अधिकृत गीतही झालं. त्याचं ध्रुपद सगळ्यांना आनंदी वाटतं, पण कडवी सोडून गेलेल्या माणसाच्या दुःखाची आहेत. लहान मुलांकडून घ्यायचं तर ध्रुपदच घ्या, किंवा सोडून द्या. माझा कल सोडून देण्याकडे आहे, कारण तिथे ऊन म्हणजे माणूस आहे आणि तुमचा कार्यक्रम खऱ्या उन्हाचा आहे.

सकाळी मैदानात करणार असाल तर रंगमंच बांधण्याआधी एकदा जागेवर उभ्या राहून बघा. जानेवारीत नऊ वाजता सूर्य आग्नेयेला, २५ अंशांच्या आसपास असतो. तो गाणाऱ्यांच्या समोर आला तर मुलं डोळे बारीक करून गातात आणि मान खाली जाते, पाठीमागे आला तर पालकांना चेहरे दिसत नाहीत. ऊन मुलांच्या एका खांद्याच्या बाजूनं येईल असा रंगमंच फिरवून घ्या, आणि काठी व खडे प्रेक्षकांना दिसतील अशा जागी समोर ठेवा. कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि पेटी आहे का ते कळवा, म्हणजे त्या वेळेच्या सावलीचे आकडे आणि गाण्यांची पट्टी पाठवतो.